झोपलेला बूट

शनिवारी सकाळी ताई भाचीला माझ्याकडे सोडून बाजारात गेली. भाची साडेचार वर्षांची. पायात नवे लाईटचे बूट, टाच आपटली की लाल-निळे दिवे लागतात. घरभर धाडधाड पाय आपटून झाल्यावर (खालच्या मजल्यावरून एकदा बेल वाजली, मी दार उघडलं नाही) ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "मामा, हा बूट झोपला."

खरंच झोपला होता. उजवा लुकलुकत होता, डावा ठप्प. आता मामा पडला इंजिनिअर! लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढला, बूट उलटा केला, आणि लक्षात आलं की उघडायला जागाच नाही. सगळं सोलमध्ये ओतून बंद केलेलं. स्वीच नाही, सेल बदलायची सोय नाही. मी हात टेकले. भाचीने माझ्याकडे जरा दयेने बघितलं, बूट परत पायात घातले आणि एक पाय जागा, एक पाय झोपलेला अशी गॅलरीत पळाली. तिचं काही अडलं नाही.

माझं मात्र अडलं. त्याचं कारण शुक्रवारचं.

तर झालं असं की शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता माझ्या नावावर एक टिकेट पडलं. आमचा एक परदेशी क्लायंट आहे, तो बुटात घालायचा इनसोल बनवतो. (माझे आजोबा त्याला सुकतळा म्हणायचे. शब्द किती छान आहे!) गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं एका पायावर जास्त वजन टाकून चालतात, तसं झालं की हा सुकतळा थरथरतो. त्याचं मोबाईल ॲप आमच्या टीमने लिहिलंय. क्लायंट आता हा धंदा बंद करतोय, दोन महिन्यांनी सर्व्हर बंद होणार. माझं काम काय, तर "सेवा समाप्त" असा स्क्रीन बनवायचा. दोन ओळी आणि एक ओके बटण. टिकेटवर वेळ लिहिलाय अर्धा दिवस.

त्या दिवसानंतर सुकतळे थरथरायचे बंद होणार. कारण कोणत्या पायावर किती वजन, हा हिशोब सर्व्हरवर होतो. आणि खरं सांगू? त्या हिशोबाला सर्व्हर लागतच नाही. डाव्यातून उजवा वजा करायचा आणि फरक फार असला तर मोटर फिरवायची, एवढंच आहे ते. तीन वर्षांपूर्वी आम्हीच तो सर्व्हरवर ठेवला, कारण तेव्हा ते सोपं पडलं. "आम्ही" म्हणजे त्या फाईलवर पहिलं नाव माझंच आहे.

मी पहिलीत असताना मलाही लाईटचे बूट घेतले होते. तीन आठवड्यांत दिवे गेले आणि मी भोकाड पसरलं. आई म्हणाली, "बूट पायासाठी घेतलेत, दिव्यासाठी नाही." पुढे वर्षभर तेच घालून शाळेत गेलो. शनिवारी भाचीला पळताना बघून हे वाक्य आठवलं आणि विकेंडभर मी बुटातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास चाळत बसलो. डोक्यात प्रश्न एकच होता. दिवा गेल्यावर काय उरतं?

गोष्ट सुरू होते जुगारापासून.

१९६० चा नोव्हेंबर. एमआयटीत गणित शिकवणारा एडवर्ड थॉर्प हा तरुण क्लॉड शॅननला भेटायला गेला. शॅनन म्हणजे इन्फर्मेशन थिअरीचा बाप, आपण ज्या बिट-बाईटवर पोट भरतो त्याची थिअरी मांडणारा. थॉर्पचं काम होतं ब्लॅकजॅकवरचा एक पेपर छापून आणण्याचं, पण बोलता बोलता गाडी रूलेटवर घसरली. रूलेटमध्ये चाक एका दिशेने फिरतं आणि गोळी उलट्या दिशेने. गोळी सोडल्यावरही काही सेकंद पैसे लावता येतात. म्हणजे त्या काही सेकंदांत चाकाचा आणि गोळीचा वेग मोजता आला, तर गोळी साधारण कुठे पडणार हा शुद्ध फिजिक्सचा प्रश्न उरतो!

दोघांनी रीनोहून १५०० डॉलरचं खरंखुरं रूलेटचं चाक मागवलं आणि शॅननच्या घराच्या तळघरात ठाण मांडलं. तयार झाला तो सिगारेटच्या पाकिटाएवढा, १२ ट्रान्झिस्टरचा कॉम्प्युटर. तो अंगावर लपवायचा आणि चालवायचा बुटातून. बुटात स्वीच, तो पायाच्या अंगठ्याने दाबायचा. चाकाची खूण समोरून गेली की टिक, गोळी गेली की टिक. उत्तर यायचं कानातल्या इवल्याशा स्पीकरमध्ये, सूर बनून. चाकाचे आठ भाग, प्रत्येक भागाला एक सूर. जो सूर वाजेल त्या भागातल्या आकड्यांवर पैसे लावायचे.

१९६१ च्या उन्हाळ्यात दोघं आपापल्या बायकांना घेऊन लास वेगासला गेले. यंत्र चाललं. थॉर्पच्या हिशोबाने लावलेल्या पैशावर सरासरी ४४ टक्के फायदा होता. पण कानाकडे जाणारी तार केसासारखी बारीक, ती सारखी तुटायची. एकदा शेजारची बाई थॉर्पकडे बघून घाबरलीच, कारण त्याच्या कानातून स्पीकर एखाद्या किड्यासारखा डोकावत होता. शेवटी त्यांनी तो नाद सोडला. थॉर्पने ही गोष्ट जगाला सांगितली ती १९६६ मध्ये. अंगावर घालायचा पहिला कॉम्प्युटर म्हणून आज त्याचंच नाव घेतात. म्हणजे आपल्या हातातल्या स्मार्टवॉचचा खापरपणजोबा हाताने नाही, पायाच्या अंगठ्याने चालायचा :-)

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझच्या डॉयन फार्मर आणि नॉर्मन पॅकार्ड या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांनी मित्रमंडळी जमवून हेच पुन्हा केलं. आता मायक्रोप्रोसेसर आला होता. त्यांनी वापरला ६५०२, ॲपल टूमध्ये होता तोच. पुढे पुढे सगळा कॉम्प्युटरच बुटात गेला. एक जण अंगठ्याने वेळ मोजणार, दुसऱ्याच्या अंगावर यंत्र थरथरून सांगणार की पैसे कुठे लाव. एकदा तर इन्सुलेशन फाटलं आणि खेळणाऱ्या मुलीला शॉक बसायला लागले. ती तशीच खेळत राहिली, कातडीवर भाजल्याच्या खुणा उठेपर्यंत! एवढं करून कमावले साधारण १०,००० डॉलर. १९८५ मध्ये नेवाडा राज्याने अशी यंत्रं कॅसिनोत वापरणं हा गुन्हा ठरवला आणि हा अध्याय संपला.

या दोन्ही गोष्टींत मला एक गंमत वाटते. बुटातलं यंत्र पूर्णपणे घालणाऱ्याच्या बाजूचं होतं. त्यानेच बनवलेलं, त्यालाच कळणारं, बिघडलं तर त्यालाच उघडता येणारं. लपवायचं होतं ते कॅसिनोपासून. पुढे बाजू कशी बदलत गेली बघा.

१९८४ मध्ये अदिदासने मायक्रोपेसर काढला. डाव्या बुटाच्या अंगठ्यापाशी सेन्सर आणि जिभेवर छोटा एलसीडी. किती अंतर पळालात, किती वेगाने, किती कॅलरी जाळल्या, सगळं बुटावरच दिसायचं. दोन वर्षांनी प्यूमाचा आरएस कॉम्प्युटर शू आला. हा बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक पीटर कॅव्हना यांच्या डोक्यातून निघालेला. याच्या टाचेमागे चिपचा चक्क एक कुबड होता. पळून यायचं, बूट काढायचा, त्याला केबल लावायची आणि केबलचं दुसरं टोक ॲपल टू-ई, कमोडोर ६४ किंवा आयबीएम पीसीला! सोबत सॉफ्टवेअरची फ्लॉपी. आज हसू येतं, पण आपले सगळे फिटनेस ॲप याच बुटाची पोरं आहेत.

आता आईचं वाक्य लावून बघा. मायक्रोपेसरचा हिशोब त्याच्या स्वतःच्या जिभेवर, सेल असला की झालं. प्यूमाचा हिशोब मात्र दुसऱ्याच्या घरात. ॲपलने टू-ई १९९३ मध्ये बंद केला, कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली. बूट पायात शाबूत असला तरी त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नाही. २०१८ मध्ये प्यूमाने हा बूट हौशी लोकांसाठी पुन्हा काढला, फक्त ८६ जोड. या वेळी केबलऐवजी ब्लूटूथ आणि फ्लॉपीऐवजी मोबाईल ॲप. म्हणजे बूट बदलला, परावलंबन तेच.

मग आले दिवे. १९९२ मध्ये एल.ए. गिअर या अमेरिकन कंपनीने टाचेत दिवे लागणारे बूट बाजारात आणले आणि पोरांनी आईबापांना सळो की पळो करून सोडलं. आत काय असायचं? एक बॅटरी, लाल एलईडी आणि एक स्वीच. सुरुवातीच्या बुटांत तो स्वीच पाऱ्याचा होता. बंद नळीत दोन तारांची टोकं आणि पाऱ्याचा एक थेंब. पाय हलला की थेंब घरंगळतो, दोन्ही तारांना एकदम शिवतो, सर्किट पूर्ण, दिवा लागतो. कल्पना इतकी साधी की कौतुकच वाटावं.

फक्त एक भानगड होती. लहान मुलांचे बूट सहा महिन्यांत आखूड होतात आणि कचऱ्यात जातात. पारा कुठे जात नाही. कचरा जाळला तर हवेत, तिथून पाण्यात, पाण्यातून माशांत. मिनेसोटा हे तळ्यांचं राज्य, तिथे मासे म्हणजे जिव्हाळ्याचा विषय. १९९४ मध्ये तिथे अशा वस्तूंविरुद्ध कायदा झाला, या बुटांवरून बराच गदारोळ झाला आणि कंपनीने पारा सोडला. तेव्हापासून पाऱ्याच्या जागी साधी स्प्रिंग असते, टाच आपटली की ती थरथरून तारेला चिकटते. भाचीच्या बुटात तीच असणार. दिवा गेल्यावर काय उरतं, या प्रश्नाचं सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे तो पाऱ्याचा थेंब. बनवणाऱ्याने शेवटाचा विचारच केला नव्हता.

बॅटरीवरून आठवलं. चालताना आपण एवढे पाय आपटतो, त्यातून वीज का नाही काढायची? हा प्रश्न एमआयटीत थॅड स्टार्नरने १९९६ मध्ये गंभीरपणे सोडवला. गणित बारावीचं आहे, करून बघा. ६८ किलोचा माणूस, टाच ५ सेंटीमीटर खाली येते, सेकंदाला २ पावलं. ६८ × ९.८ × ०.०५ × २ म्हणजे जवळजवळ ६७ वॅट! लॅपटॉप चालेल की! पण १९९८ मध्ये त्याच संस्थेत जो पॅराडिसोच्या गटाने दाबल्यावर वीज देणारं पिझोचं साहित्य बुटात घालून खरंच मोजलं, तेव्हा हाती लागले काही मिलीवॅट. एका छोट्या रेडिओ टॅगला सिग्नल पाठवण्यापुरते. कारण ते ६७ वॅट फुकट नाहीत. ते सगळे काढून घेतले तर प्रत्येक पाऊल वाळूत चालल्यासारखं जड होईल. बूट आधी पायासाठी असतो, हे फिजिक्सलाही मान्य आहे.

२००५ मध्ये अदिदासने २५० डॉलरचा 'अदिदास १' काढला. त्याच्या टाचेत चुंबक आणि सेन्सर, सेकंदाला १००० वेळा टाच किती दबली ते मोजणार. २० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ठरवणार की जमीन कडक आहे की मऊ. मग तळव्याखालची छोटी मोटर तार ओढून टाचेची गादी घट्ट किंवा सैल करणार. सगळा हिशोब बुटातल्या बुटात! सेलही बदलता यायचा. इंजिनिअर म्हणून मला हा बूट या सगळ्या यादीत सर्वांत देखणा वाटतो. पण बाजारात फार टिकला नाही.

टिकलं ते पुढच्या वर्षी आलेलं. २००६ मध्ये नाईके आणि ॲपलने मिळून २९ डॉलरचा एक किट आणला. नाण्याहून थोडा मोठा सेन्सर डाव्या बुटाच्या सुकतळ्याखाली ठेवायचा आणि रिसीव्हर आयपॉडला लावायचा. गाणी ऐकता ऐकता कानात कळणार किती पळालात ते. लोक तुटून पडले.

त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या तादायोशी कोनो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या सेन्सरकडे जरा वाकून बघितलं. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा वेगळा नंबर होता आणि पाय हलला की तो नंबर हवेत उघडपणे प्रसारित व्हायचा. आयपॉड घरी असला तरी! म्हणजे तुम्ही पळायला नाही, कोपऱ्यावर दूध आणायला निघालात तरी बूट ओरडतोय, "मी अमुक नंबर, मी इथे." त्यांनी स्वस्तातले रिसीव्हर बनवले, ६० फुटांवरून नंबर पकडला आणि कोण कधी कुठून गेलं ते नकाशावर मांडून दाखवलं. मागावर असलेल्या एखाद्या विकृत माणसाला याहून काय हवं? सेन्सर बंद करायचं बटण होतं, पण रोज सुकतळा उचलून ते कोण दाबणार?

इथे बाजू बदलली. थॉर्पच्या बुटातलं गुपित घालणाऱ्याला माहीत होतं, कॅसिनोला नाही. इथे गुपित घालणाऱ्यापासूनच लपलेलं. आणि यात कोणाचा वाईट हेतू दिसत नाही. वेगळा नंबर असला की जोडणी सोपी होते, म्हणून दिला असणार. माझ्या सर्व्हरसारखंच. सोपं पडलं!

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. २०१४ मध्ये हैदराबादच्या क्रिस्पियन लॉरेन्स आणि अनिरुद्ध शर्मा यांनी 'लेचल' नावाचे बूट आणि सुकतळे आणले. मोबाईलच्या नकाशाशी ब्लूटूथने जोडलेले. डावीकडे वळायचं असेल तर डावा पाय थरथरतो, उजवीकडे तर उजवा. मूळ कल्पना अंध माणसांसाठी. वरवर वाटतं, फोन बोलून सांगतोच की, पाय कशाला? पण रस्ता ओलांडताना ज्याचे कान हेच डोळे आहेत, त्याच्या कानात सतत बडबड करणं म्हणजे त्याच्या डोळ्यांवर हात ठेवणं. पाय मोकळा होता, म्हणून पायाला सांगितलं. अशा माणसाच्या बुटातला इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे चैनीचा दिवा नव्हे. तो गेला तर भाचीसारखं पळत जाता येत नाही.

शेवटची गोष्ट सिनेमातली. १९८९ च्या 'बॅक टू द फ्युचर २' मध्ये मायकेल जे. फॉक्स २०१५ सालात जातो आणि त्याच्या बुटाच्या नाड्या आपोआप बांधल्या जातात. नाईकेने ते २०१६ मध्ये खरं करून दाखवलं. सोडतीत फक्त ८९ जोड दिले, पैसे फॉक्सच्या पार्किन्सन्सवरच्या संशोधन संस्थेला. फॉक्सला स्वतःला पार्किन्सन्स आहे, आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांना आपोआप बांधली जाणारी नाडी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

मग २०१९ च्या फेब्रुवारीत दुकानात आला अडॅप्ट बीबी, ३५० डॉलर. आत मोटर, चार्जिंगला चटई, घट्ट-सैल करायला मोबाईल ॲप. पहिल्याच महिन्यात अँड्रॉइडवाल्यांनी अपडेट मारला आणि कित्येकांचा एक बूट बंद पडला! (हसू नका. तुमच्यापैकी किती जणांनी शुक्रवारी संध्याकाळी रिलीज केलंय, हात वर करा.) आणि २०२४ मध्ये नाईकेने ॲपच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ६ ऑगस्ट २०२४ नंतर ते स्टोअरवरून गेलं.

पण बूट मेले नाहीत. कारण त्यांच्या कडेला दोन बटणं होती. एक घट्ट करायला, एक सैल करायला. ॲप गेलं, दिव्यांचे रंग बदलायची गंमत गेली, नाडी मात्र अजून बांधता येते. त्या टीममधलं कोणीतरी पहिल्या दिवसापासून ती बटणं तिथे ठेवून गेलं होतं. ते ठेवताना मीटिंगमध्ये "ॲप आहे ना, बटण कशाला?" असं कोणी विचारलं होतं का, ते मला माहीत नाही. आमच्या मीटिंगमध्ये नक्की विचारलं असतं. कदाचित मीच.

असो. फार लांबलं.

रविवारी दुपारी मी आमच्या सुकतळ्याच्या सपोर्टच्या मेल वाचल्या. (हे टिकेटमध्ये नव्हतं.) एका आजोबांची मेल आहे. त्यांनी सेवा बंद होणार हे कुठेतरी वाचलं. तक्रार नाही, पैसे परत नकोत. फक्त विचारलंय की जिना चढताना ते थरथरणं चालू राहील का, कारण ते थरथरलं नाही तर मी कसा चालतोय ते मला कळत नाही. मेलला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. द्यायचं काय?

रात्री बसून तो हिशोब फोनवर आणून बघितला. वजाबाकी, एक मर्यादा, मोटरला एक कमांड. माझ्या टेस्ट जोडावर चाललं. मी एक पाय मुद्दाम जड टाकत घरभर फिरलो, खालची बेल पुन्हा वाजली. टेस्टिंग, परवानग्या आणि रिलीज धरून चार दिवसांचं काम आहे. टिकेटवर अर्धा दिवस आहे. त्या अर्ध्या दिवसाचं चार दिवस का झालं, ते मी कॉमेंटमध्ये लिहिलंय. आणि तीन वर्षांपूर्वी तो हिशोब सर्व्हरवर कोणी ठेवला, तेही लिहिलंय.

उद्या सकाळी साडेदहाला क्लायंटबरोबर कॉल आहे. हो म्हणतील का? माहीत नाही. पैसे संपत आलेल्या माणसाकडून साडेतीन दिवस मागणं सोपं नसतं. काय होतंय ते पुढच्या शनिवारी सांगतो.

ताईचा आत्ताच फोन आला होता. दुसरा बूटही झोपला. भाची म्हणाली, "झोपू दे, दमलाय," आणि तेच घालून खाली खेळायला गेली.